पाणचक्की, जातें आणि न्याहारी

औरंगाबादेस (या शहराचें नांव २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर असें झालें) येणारा प्रवासी वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर बहुधा घटकाभर पाणचक्कीपाशीं थांबतो. खाम नदीच्या कांठीं, बाबा शाह मुसाफिर या नक्षबंदी साधूच्या दर्ग्याच्या आवारांत ही चक्की आहे. दूरच्या डोंगरांतलें पाणी मातीच्या नळांतून आणावें, तें उंच भिंतीवरून पाडावें, त्याच्या भारानें खालचें चक्र फिरावें आणि त्या चक्राबरोबर वरचा दगड फिरून धान्य दळलें जावें, अशी ही योजना सतराव्या-अठराव्या शतकांतील आहे. प्रवासी पाण्याची चादर पाहतो, हौदाशेजारचा जुना वड पाहतो आणि पुढें जातो. आम्हांला मात्र त्या दगडाकडे पाहून एक निराळाच प्रश्न सुचतो. दर्ग्यांतल्या फकीर-मुसाफिरांचें पीठ पाण्याच्या बळावर दळलें जात होतें, त्या काळीं शहरांतल्या आणि भोंवतालच्या खेड्यांतल्या हजारों घरांचें पीठ कोणाच्या बळावर दळलें जात होतें? उत्तर शोधावयास दप्तरें धुंडाळण्याची गरज नाहीं. तें घरच्या बायकांच्या दंडांच्या बळावर, दिवस उगवण्यापूर्वीं, दळलें जात होतें.

हल्लींच्या धांवपळीच्या संसारांत सकाळचें पौष्टिक आणि घरचें खाणें कसें साधावें, ही चर्चा सर्वत्र ऐकूं येते. चर्चेचा सूर असा असतो, कीं पूर्वींच्या घरांना धांवपळ म्हणून नव्हतीच; सकाळीं सावकाश चूल पेटे, ताजें अन्न होई, आणि सर्व मंडळी तृप्त होऊन कामास लागत. हा समज इतिहासाला धरून नाहीं. पहाटेची धांवपळ पूर्वींही होती. फरक इतकाच, कीं ती घरांतल्या एका-दोघींच्या वाट्याला होती आणि बाकीचें घर त्या वेळीं झोंपलेलें असे. न्याहारीचा इतिहास हा म्हणूनच निव्वळ पदार्थांचा इतिहास नव्हे. पहाटेचे ते दोन तास कोणी कोणासाठीं खर्चिले, याचा तो हिशेब आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. ‘न्याहारी’ हा शब्द फारसीच्या वाटेनें मराठींत आला. ‘नहार’ म्हणजे अरबींत दिवस. जुन्या औरंगाबादेंत पहाटे मिळणारी, रात्रभर मंद आंचेवर शिजलेली ‘नहारी’ आणि शेताच्या बांधावर सोडली जाणारी ‘न्याहारी’ या एकाच कुळांतल्या आहेत. एक मुसलमानी मोहल्ल्यांत राहिली, दुसरी कुणब्याच्या दुरडींतून शिवारांत गेली. ‘नाश्ता’ हाही फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ सकाळपासून कांहीं न खाल्लेला, उपाशी, असा आहे; इंग्रजी शब्दाचा अर्थही उपवास मोडणें असाच आहे. संस्कृतांत ‘प्रातराश’ आहे आणि ‘कल्यवर्त’ही आहे. ‘कल्यवर्त’ म्हणजे सकाळचें हलकें खाणें. पण मृच्छकटिकासारख्या नाटकांत तो शब्द क्षुल्लक वस्तु या अर्थानें आढळतो. ज्या समाजांतील वरिष्ठ वर्गानें सकाळच्या खाण्याला क्षुल्लकाचा पर्याय केलें, त्या समाजांत न्याहारीला प्रतिष्ठा नव्हती, असें अनुमान केल्यास तें फारसें चुकणार नाहीं.

आणि वस्तुस्थितिही तशीच होती. धर्मशास्त्राच्या चौकटींत जेवणें दोनच. मनुस्मृतीनें त्यांच्या मध्यें खाण्याचा निषेध केला आहे. पांढरपेशा घरांत स्नान, संध्या, पूजा, वैश्वदेव इतकें झाल्यावांचून पान मांडलें जात नसे. सोंवळ्याच्या स्वयंपाकाला वेळ लागे. तोंपर्यंत मोठ्या माणसांनीं उपाशी राहावें हेंच भूषण. मुलांना मात्र या नियमांतून सूट असे. कोंकणांत व देशावर त्यांना मऊ भात, तूप आणि मेतकूट मिळे. मराठवाड्यांत भाताची रेलचेल नसल्यामुळें दुधांत कुसकरलेली भाकरी मिळे. पुढें इंग्रजी अमलाबरोबर, आणि निजामी मुलुखांत जरा उशिरानें, शाळा व कचेऱ्या आल्या. त्यांनीं न्याहारी आणली असें मात्र नाहीं. त्यांनीं दुपारचें जेवण ओढून साडेनऊवर आणलें. दहाच्या ठोक्याला कचेरींत हजर होणारा कारकून ऊन ऊन वरणभात घशाखालीं ढकलून निघे. तो साडेनऊला जेवावा म्हणून त्याच्या घरची चूल साडेसहाला पेटलेली असे. चुलीपूर्वीं पाणी भरलेलें असे आणि पाण्यापूर्वीं जातें थांबलेलें असे.

कुणब्याच्या घरीं याच्या अगदीं उलट चाल होती. तो तांबडें फुटतांच औत घेऊन शेतीं जाई आणि सूर्य कासराभर वर आला, म्हणजे घरची बाई डोक्यावर दुरडी घेऊन बांधावर येई. दुरडींत जोंधळ्याची भाकरी, ठेचा किंवा कारळ्या-जवसाची चटणी, कांदा, कधीं पिठलें आणि मडक्यांत ताक. ही खरी न्याहारी. ती खाणाऱ्यानें तोंवर तीन तास अंगमेहनत केलेली असे. गरिबाच्या घरीं भाकरीऐवजीं कण्या असत: भरडलेला जोंधळा ताकांत वा पाण्यांत शिजवावा, मीठ घालावें, वाडग्यानें प्यावा. उन्हाळ्यांत आंबील असे. रात्रीं पीठ ताकांत भिजत घालावें आणि सकाळीं शिजवावें. म्हणजे महाराष्ट्रांत न्याहारी ही मुळांत कष्टकऱ्यांची होती. सुशिक्षित मध्यमवर्गानें ती त्यांच्याकडून घेतली. घेतांना मात्र भाकरी मागें ठेवली आणि नांव तेवढें उचललें.

न्याहारी कष्टकऱ्यांची म्हटली, तरी ती सर्व कष्टकऱ्यांना सारखी लाभत होती असें समजूं नये. गांवगाड्यांत ज्या जातींना बलुत्याच्या आणि घरोघर मागितलेल्या भाकरीच्या आधारावर राहावें लागे, त्यांच्या चुलीपाशीं सकाळीं काय असेल, हें आदल्या सांजेला दुसऱ्याच्या दारीं काय मिळालें त्यावर ठरे. ‘शिळें’ हा शब्द एका घरीं काटकसरीचा तर दुसऱ्या घरीं अपमानाचा होता. मराठवाड्यांतील महार-मांग समाजाच्या अन्नाची हकीकत शाहू पाटोळे यांनीं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकांत २०१५ सालीं लिहिली. आमच्या पाकशास्त्राच्या पुस्तकांना लागलेलें हें उशिराचें पण अत्यंत अगत्याचें शुद्धिपत्र होय. ‘आपल्या पूर्वजांचा सकस आहार’ असें आपण जेव्हां म्हणतों, तेव्हां कोणाचे पूर्वज, हा प्रश्न तें पुस्तक वाचल्यावर टाळतां येत नाहीं.

आतां आपण ज्यांना न्याहारीचे पदार्थ समजतों त्यांचा माग घेऊं. इडली व डोसा हे पदार्थ दक्षिणी खाणावळींबरोबर काल-परवां आले, अशी साधारण समजूत आहे. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ग्रंथांत इडरिका आणि धोसक यांचें वर्णन आहे. ती इडरिका उडदाच्या पिठाची. तांदूळ तिच्यांत नव्हता. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण; मराठवाड्याच्या सीमेवरून हांकेच्या अंतरावर. तेव्हां हे पदार्थ आपल्याला परके नव्हते. ते मधल्या काळांत विसरले गेले आणि विसाव्या शतकांत उडप्याच्या दारानें पुन्हां आले. उलट ज्यांना आपण अस्सल घरचे म्हणतों, त्या कांदेपोह्यांतली मिरची, बटाटा आणि शेंगदाणे हीं तिन्हीं अमेरिकेच्या भूमींतलीं. पोर्तुगीजांच्या येण्यापूर्वीं तीं आपल्याकडे नव्हतीं. घरचें आणि परकें यांची सीमा स्वयंपाकघरांत फार काळ टिकत नाहीं.

मध्यमवर्गाच्या सकाळींत खरी क्रांति केली ती चहानें. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित गृहस्थांनीं चहा-बिस्किटें घेतलीं, त्यावरून उठलेलें वादळ प्रसिद्धच आहे. टिळक-रानड्यांसारख्यांनाही त्या पेल्यापायीं ग्रामण्याला तोंड द्यावें लागलें. पुढें १९०३ सालीं चहावर कर बसवून त्या पैशांतून चहाचा प्रसार करण्याची कायदेशीर तजवीज झाली, आणि दोन-तीन पिढ्यांत ज्या घरांत पूजेपूर्वीं पाण्याचा घोटही वर्ज्य होता, त्या घरांत दांत घासतांच चहा मिळूं लागला. उपवास एकदां मोडला, म्हणजे पुढचें सोपें असतें. रित्या पोटीं चहा बाधतो, म्हणून चहाबरोबर कांहींतरी हवें. त्या ‘कांहींतरी’ला पुढें आपण नाश्ता म्हणूं लागलों.

औरंगाबादेस हा नाश्ता दोन अंगांनीं वाढला. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली तेव्हांपासून हें नगर दरबारांचें आणि छावण्यांचें. पहिल्या निजामाची गादीही येथेंच होती; ती पुढें हैदराबादेस गेली, तरी खाण्याची रीत मागें राहिली. नान-कलिया हा येथला प्रसिद्ध पदार्थ. मुहंमद तुघलकानें १३२७ मध्यें दौलताबादेस राजधानी हलविली, तेव्हांच्या लष्करी भटारखान्यांतून तो आला असें परंपरा सांगते. मोहल्ल्यांतली नहारी आणि हैदराबादी वळणाची खिचडी नि खट्टा हें एक अंग. दुसरें अंग मराठवाडी घरांचें: चुरमुऱ्यांचा सुशीला, फोडणीची भाकरी, थालीपीठ आणि धपाटे. धपाट्यांत जोंधळ्याचें पीठ, त्याला थोडी कणीक व डाळीचें पीठ यांचा आधार, तीळ, लसूण, हळद. ओल्या फडक्यावर थापावें, तव्यावर भाजावें, दह्याबरोबर खावें. तें दोन दिवस टिकतें. म्हणून तें प्रवासांत चालतें आणि शाळेच्या डब्यांतही चालतें. येथील जुन्या शेजारांत हीं दोन्हीं अंगें एकमेकांना ओळखून आहेत.

पण कोणताही पदार्थ घ्या, पिठावांचून पुढें जातां येत नाहीं. म्हणून पुन्हां जात्याकडे यावें लागतें. दळण हें बहुधा रोजचें काम होतें, कारण जोंधळ्याचें पीठ शिळें झालें कीं विरी जाते आणि भाकरी थापतांना तुटते. मराठींतील स्त्रियांचें सर्वांत मोठें काव्य या पहाटेच्या कामांत जन्मलें. हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीपासून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाहून अधिक आहे. त्या संग्रहाबद्दल अभिमान वाटावा हें योग्यच. परंतु तो अभिमान बाळगतांना एवढें ध्यानांत असावें, कीं लाख ओव्या म्हणजे लाख अपुऱ्या झोंपा. विसाव्या शतकांत प्रथम तेलाच्या इंजिनावर आणि मग विजेवर चालणारी पिठाची गिरणी गांवोगांव आली. त्या दिवशीं महाराष्ट्रांतील स्त्रीच्या पहाटेंतून जें ओझें उतरलें, तें उतरविण्याचें श्रेय अनेक सुधारकांच्या व्याख्यानांनाही घेतां येणार नाहीं. पाणचक्कीनें दर्ग्यापुरतें जें दोनअडीचशें वर्षांपूर्वीं साधलें होतें, तें घरोघर पोंचावयास इतका काळ लागला.

जातें थांबलें, पण सकाळ मोकळी झाली नाहीं. १९५० सालीं मिलिंद महाविद्यालय, १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ, पुढें चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि १९८५ सालीं वाळूजला बजाजचा कारखाना, या क्रमानें हें शहर वाढलें. खेड्यांतून आलेल्या कुटुंबाच्या सकाळवर आतां शाळेची बस, पहिली पाळी आणि कचेरी या तीन घड्याळांचा अंमल बसला. सासूचा आधार नसलेल्या एकट्या संसारांत पाककृति विचारावयाची कोणाला, ही अडचण उभी राहिली. कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ १९७० सालीं निघालें आणि वाटी-चमच्याच्या मापानें अशा घरांचें मार्गदर्शक झालें, यांत नवल नाहीं. मग पाव-बिस्किटें आलीं. १९९४ नंतर मक्याच्या पोह्यांचे परदेशी खोकेही दुकानांत आले. अमेरिकेंतील बॅटल क्रीक गांवच्या आरोग्यधामांत रुग्णांसाठीं शंभर वर्षांपूर्वीं निघालेला तो पदार्थ आपल्याकडे नव्या काळाची खूण म्हणून खपला.

मधल्या काळांत जोंधळ्यावर काय प्रसंग आला, तोही सांगितला पाहिजे. १९७२ च्या दुष्काळानें मराठवाडा होरपळला. जोंधळ्याच्या या माहेरघरांत लोकांना अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी खावी लागली. खडी फोडणाऱ्या मजुरांना आणि त्यांच्या मुलांना कामावर सुकडी वांटली जाई. ज्यांनीं ती खाल्ली त्या पिढीच्या तोंडीं अजून ती चव आहे. त्याच वर्षीं परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें आणि रोजगार हमीची योजना राज्यभर आली. ही योजना पुढें देशाच्या कायद्याचा आदर्श ठरली. सरकारी धान्याच्या दुकानांतून गहूं मिळूं लागला, शिवारांत कापूस आणि सोयाबीन यांनीं जोंधळ्याची जागा घेतली. परिणामीं जी भाकरी गरिबाची म्हणून कमी लेखली जात होती, ती आज कित्येकदां गव्हाच्या पोळीपेक्षां महाग पडते. सन २०२३ हें आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरें झालें, तेव्हां जोंधळ्याचा गौरव पुष्कळ झाला. तो गौरव ताटांत उतरेल तर बरें.

कारण प्रश्न चवीचा नसून प्रकृतीचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जी पहाटे सर्वांसाठीं रांधते तीच स्वतः मागून, उरलेलें, चहाबरोबर खाते, ही जुनी रीत या आंकड्याच्या मागें अंशतः तरी उभी आहे. चहांतील कषाय द्रव्यें अन्नांतल्या लोहाला अंगीं लागूं देत नाहींत. उलट लिंबाच्या रसांतील जीवनसत्त्व त्याला मदत करतें. पोह्यांवर लिंबाची फोड पिळण्याची चाल म्हणूनच शहाणपणाची. त्याच बशीशेजारीं चहाचा पेला ठेवण्याची चाल तितकी शहाणपणाची नव्हे. शंभर ग्रॅम जोंधळ्यांत सुमारें दहा ग्रॅम प्रथिनें असतात आणि मैद्याच्या तिप्पटीहून अधिक तंतु असतो. त्यांतील प्रथिनांत जें उणें आहे, तें डाळीनें भरून निघतें. भाकरीशेजारीं पिठलें आणि भाजणींत हरभरा-उडीद घालणाऱ्या आमच्या आज्यांनीं रसायनशास्त्र न शिकतां ही जोडी जमविली होती. आंबवणें आणि मोड आणणें यांनींही धान्याचे गुण वाढतात.

या सर्व जुन्या पदार्थांत एक समान सूत्र दिसतें, आणि आजच्या घाईच्या घराला इतिहासाकडून कांहीं घ्यावयाचें असेल तर तें हेंच. भाजणी महिन्याची करून ठेवावी, मेतकूट बरणींत असावें, आंबील रात्रीं भिजवावी, मटकी आदल्या दिवशीं फडक्यांत बांधावी, धपाटे दोन दिवसांचे करावे. सकाळीं करावयाचें तें पंधरा-वीस मिनिटांचें. न्याहारी सकाळची असली, तरी तिची तयारी आदल्या सांजेची होती. आणि आदली सांज ही अशी वेळ आहे, कीं तेव्हां घरांतलीं सर्व माणसें जागीं असतात. मटकी भिजविण्यास, शेंगदाणे भाजण्यास, पोहे चाळण्यास पुरुषांचे हात अपुरे पडतात असें आम्हांला वाटत नाहीं. मुलांचे तर नाहींच. तमिळनाडूच्या सरकारनें २०२२ पासून प्राथमिक शाळांतील मुलांना सकाळची न्याहारी देण्यास आरंभ केला, तो याच जाणिवेनें, कीं मुलाच्या सकाळच्या पोटाची चिंता एकट्या आईच्या पदरीं टाकून समाजाला मोकळें होतां येत नाहीं. राज्याला जें कळलें तें घराला कळावयास हरकत नसावी.

पाणचक्की बांधणाऱ्यांनीं एक गोष्ट ओळखली होती. फकिराची भाकरी हें पुण्याचें काम खरें. पण त्यासाठीं कोणाच्या तरी दंडांनीं रोज झिजावें हें आवश्यक नव्हे, पाण्याला वळण दिलें तरी तें होतें. आमच्या घरांतही वळण द्यावयाचें पाणी पुष्कळ आहे. सकाळीं सर्वांची ताटें एकदम मांडलीं जावीं, आणि जिनें तीं मांडलीं तीही त्याच वेळीं त्यांतल्या एका ताटाशीं बसावी, एवढी व्यवस्था ज्या घरीं झाली, त्या घरच्या न्याहारींत पोहे आहेत कीं भाकरी, हा प्रश्न आम्ही दुसऱ्या क्रमांकाचा मानतों.